थांबण्याची ऐपत : जंगलपट्ट्यातील रोख मदतीच्या अभ्यासाची प्रस्तावना

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पैसा ऋतूच्या मागे मागे येतो. मार्च-एप्रिलात मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाच्या तोंडावर मोहाची टोळी (बी) आणि मग थेट दिवाळीनंतर धान. कोणत्या महिन्यात घरात किती पैसा असेल हे इथली कोणतीही कर्ती बाई बोटांवर मोजून सांगेल. तेंदूची फळी (संकलन केंद्र) बंद झाली की हातात आलेले पैसे बियाण्यात, छपरावरच्या कवेलूंत, एखाद्या लग्नाच्या देण्याघेण्यात जातात, आणि जुलैत रोवणी सुरू होते तेव्हा घर रिते झालेले असते. तिथून नवा धान येईपर्यंतचे दिवस कठीण. जंगल तेव्हाही अगदीच उपाशी ठेवत नाही. सात्या (अळिंबी) निघतात, वास्ते (बांबूचे कोंब) निघतात, नाल्याला मासळी असते. पण जंगलात युरिया उगवत नाही, आणि तापाने फणफणलेल्या पोराला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे गाडीभाडेही जंगलातून आणता येत नाही. त्यासाठी नोट लागते. ती नसली की माणूस शेजारच्या बांधीत मजुरीला जातो, दुकानदाराकडे उधारी वाढवतो, किंवा अजून लोंबीतही न भरलेला धान तोंडी सौद्याने देऊन टाकतो.

या महिन्यांत बाहेरून आलेला थोडासा रोख पैसा अशा घराचे काय करतो, हा या अभ्यासक्षेत्राचा गाभा आहे. अर्थशास्त्र, समाजकार्य, आदिवासी विकास, आपत्ती व्यवस्थापन, यांपैकी कोणत्याही वाटेने तुम्ही इथवर आला असाल तर तुमचे स्वागत. विषय दिसतो त्याहून जुना आहे आणि त्यावर मराठीत जेवढे लिहायला हवे तेवढे लिहिले गेलेले नाही.

जगभरच्या मदतकार्यात याला मानवतावादी रोख मदत म्हणतात. पूर, भूकंप, युद्ध, साथ, अशा संकटात सापडलेल्या कुटुंबाला धान्य, ताडपत्री, भांडीकुंडी वाटण्याऐवजी पैसेच हातात द्यायचे आणि काय घ्यायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्यायचे. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात अनेक संस्थांनी हा प्रयोग केला. २०१६ मध्ये इस्तंबूलला झालेल्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी मदतीतला रोखीचा वाटा वाढवायचे मान्य केले. हे वाचून हा विचार परदेशातून आला असे वाटेल. तसे मानायचे कारण नाही.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा जो उलगडा केला, त्यातला मुद्दा आजही या विषयाचा पाया आहे. लोक मेले ते धान्य मुळातच नव्हते म्हणून कमी, धान्य मिळवण्याची ताकद हातातून गेली म्हणून जास्त. शेतमजूर आणि मासेमार यांची सर्वांत वाईट दशा झाली. स्वतःचे धान्य पिकवणारे त्यामानाने तरले. वैनगंगेकाठच्या भूमिहीन ढिवर मासेमार कुटुंबांकडे पाहिले की हा निष्कर्ष पुस्तकातला वाटत नाही. त्याच कसोटीवर महाराष्ट्राचा १९७२-७३ चा दुष्काळ उतरवून पाहण्यासारखा आहे. पीक बुडाले होते, पण दुष्काळी कामांवर रोख मजुरी मिळत होती. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. ज्याँ द्रेझ यांनी नंतर दाखवून दिले की मजुरांच्या हातात पैसा होता म्हणूनच धान्य त्यांच्या बाजारापर्यंत आले. वि. स. पागे यांच्या आग्रहाने पुढे आलेली रोजगार हमी याच काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. म्हणजे संकटात गरिबाच्या हातात पैसा द्यावा हे महाराष्ट्राने कोणाकडून शिकलेले नाही. आपण त्याबदल्यात काम मागितले, एवढाच फरक.

मग काम न मागता द्यावा का? इथे जंगलपट्ट्यातले एक अस्सल उदाहरण हाताशी आहे आणि ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

१९७८ पासून आदिवासी विकास विभागाची खावटी कर्ज योजना होती. पावसाळ्यातल्या तंगीत सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून थोडे धान्य, थोडी रोकड. त्यातला ७० टक्के भाग कर्जाचा आणि ३० टक्के अनुदानाचा. वसुली कधीच नीट झाली नाही आणि २०१३-१४ पासून योजना बंद पडली. मग २०२० ची टाळेबंदी आली. मार्चअखेर, नेमकी मोहफुले पडायच्या वेळी, बाजार बंद झाले. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर पायी परतू लागले. वर्धा, प्राणहिता, गोदावरी ओलांडून सिरोंचा, अहेरी, गोंडपिपरी भागांत त्यांच्या टोळ्या येत होत्या. राज्याने खावटी पुन्हा सुरू केली, आणि या खेपेला शंभर टक्के अनुदान म्हणून. कुटुंबामागे ४,००० रुपये. निम्मे रोख बँक खात्यात, निम्म्याचा किराणा. राज्यभरात ११ लाख ५५ हजार कुटुंबे आणि ४८६ कोटींची तरतूद. पात्रतेत रोजगार हमीवरचे मजूर होते, आदिम जमातींची कुटुंबे होती, वनहक्कधारक होते, विधवा, परित्यक्ता आणि निराधार होते.

संशोधकाने मुद्दाम आखला असता तरी याहून चांगला प्रयोग जमला नसता. त्याच घरात, त्याच किमतीचे, एक पोते आणि एक खातेनोंद. पोत्यात मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, उडीद आणि तुरीची डाळ, साखर, शेंगदाणा तेल, गरम मसाला, मिरची पूड, मीठ, चहापत्ती. यादी करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. डाळ प्रथिनांसाठी चांगलीच. पण ही यादी कोणत्या स्वयंपाकघराची आहे ते पाहा. एटापल्ली-भामरागडच्या माडिया घरात भात, आंबील, रानभाजी आणि सुकी मासळी शिजते, तेल लागलेच तर टोळीचे. तिथे अर्धा किलो गरम मसाल्याचे काय करायचे? आणि ज्या घरातले दोघे नुकतेच तेलंगणातली मिरची तोडून आले त्या घराला सरकारने मिरची पूड पाठवली, याला काय म्हणावे?

आता दुसऱ्या २,००० रुपयांकडे पाहू. २०२१ च्या खरिपात डीएपीचे पोते १,२०० रुपयांना होते, युरियाचे २६६ रुपये ५० पैशांना. एक पोते डीएपी आणि दोन पोती युरिया धरा : १,७३३ रुपये. एकर-दीड एकराच्या बांधीची खताची सोय जवळजवळ झाली, वर २६७ रुपये उरले; त्यात मुलांच्या वह्या किंवा दवाखान्याची एक खेप बसते. हे खत उधारीवर घेतले असते तर परतफेड धानात झाली असती आणि धानाचा भाव दुकानदाराने ठरवला असता. पैसे सगळ्याच घरांनी खतावर घातले असे माझे म्हणणे नाही. कोणी जुनी उधारी फेडली असेल, कोणी गहाण भांडे सोडवले असेल. एका रकमेची वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी कामे झाली आणि पोत्याचे मात्र सगळीकडे एकच काम झाले.

तरीही या प्रयोगाचा निकाल रोखीच्या बाजूने लागला असे सरळ म्हणता येत नाही. कारण निर्णय झाला २०२० च्या पावसाळ्यात आणि प्रत्यक्ष वाटप झाले २०२१ मध्ये. ज्या टाळेबंदीसाठी योजना होती ती कधीच उठली होती. एका रोवणीसाठी जाहीर झालेला पैसा पुढच्या रोवणीच्या सुमाराला आला. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत मोठा धडा इथे आहे आणि तो रकमेबद्दलचा नाही. आपल्याकडे विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत चर्चा होते ती लाडक्या बहिणीला १,५०० की २,१०० अशी. कोणत्या महिन्यात, हे कोणी विचारत नाही.

महिन्याचे महत्त्व काय ते झांबियातल्या एका अभ्यासाने फार नेमके दाखवले आहे. गुंथर फिंक, केल्सी जॅक आणि फेलिक्स मासिये यांनी तिथल्या भुकेच्या हंगामात काही शेतकरी कुटुंबांना रोख आणि काहींना मक्याची पोती उसनी दिली, परतफेड कापणीनंतर. ही मदत मिळालेल्या घरांनी दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी केली, स्वतःच्या शेतात जास्त राबली आणि पीक वाढले. शिवाय मजूर सहजी मिळेनात, तेव्हा गावातला मजुरीचा दरही चढला, त्याचा फायदा मदत न मिळालेल्यांनाही झाला. आपल्याकडे रोवणीच्या पंधरवड्यात हेच घडते, उलट्या दिशेने. ज्याच्या घरात दाणा नाही तो आधी दुसऱ्याची बांधी रोवतो, कारण तिथे संध्याकाळी पैसे मिळतात. त्याचे स्वतःचे परे (रोपे) तोवर वाढून जातात, मग उशिरा रोवलेला धान कमी येतो, आणि पुढच्या जुलैत तो पुन्हा तिथेच असतो. आळस, अज्ञान, व्यसन, यांपैकी कशाचाही आधार न घेता गरिबी स्वतःला कशी चालू ठेवते ते इथे उघड दिसते.

म्हणून स्वावलंबन या मोठ्या शब्दाची मी एक लहान कसोटी सुचवतो : घराला थांबता येते का? व्यापाऱ्याने पाडलेला भाव नाकारून आधारभूत केंद्र उघडेपर्यंत धान घरात ठेवता येतो का? केंद्रावर धान दिल्यावर चुकारे यायला महिना-दोन महिने लागले तर तेवढे दिवस काढता येतात का? मुकादमाची उचल नको म्हणता येते का? ज्याला थांबता येते त्याचे उत्पन्न कमी असले तरी तो आपल्या पायांवर आहे. ज्याला येत नाही तो जास्त कमावत असेल तरी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. रोख मदत कोणाला श्रीमंत करत नाही. ती काही आठवड्यांची उसंत देते, आणि ती नेमक्या आठवड्यांत मिळाली तरच उपयोगी पडते.

स्थलांतराचा प्रश्न यालाच जोडलेला आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाही. जानेवारीनंतर दोन्ही जिल्ह्यांतून मिरची तोडणीला जाणारे सगळेच नाइलाजाने जातात असे नाही. अनेकांसाठी वर्षातली ती एकमेव भरघोस रोख कमाई असते. बांगलादेशच्या रंगपूर भागात मोंगा नावाचा भुकेचा हंगाम असतो, आपल्या भादव्या-आश्विनासारखाच, भात पिकण्याआधीचा. तिथे २००८ मध्ये काही घरांना बसभाड्याएवढी रक्कम देऊन शहरात कामाला जायला सांगितले. जे गेले त्यांच्या घरी खाणे वाढले आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही बरेच जण गेले. जगभर या निष्कर्षाची वाहवा झाली. पुढे योजना मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा मात्र तो परिणाम दिसेना, आणि ती चालवणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये ती बंद केली, कारणेही जाहीर सांगितली. नव्या अभ्यासकाने पहिला निष्कर्ष वाचावा आणि दुसरा त्याहून काळजीपूर्वक वाचावा. आपल्याकडे फसलेल्या योजनेचा असा जाहीर जमाखर्च मी अजून पाहिलेला नाही.

‘पैसे दिले की दारूत जातात’ हा आक्षेप तुम्हाला प्रत्येक सभेत ऐकू येईल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती, त्यामुळे इथे तो जास्तच जोरात येतो. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असे त्यांना आढळले नाही. एवढ्यावर हा मुद्दा सोडता आला असता, पण तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी विसरून चालणार नाही. या दोन जिल्ह्यांत बायाही खर्रा खातात, आणि रोजचे सुटे पैसे कुठे झिरपतात ते शोधायचे तर पानठेल्यापाशी उभे राहावे लागेल.

रक्कम एकदम द्यावी की महिन्याला, हा या क्षेत्रातला जुना वाद. केनियात जोहान्स हाउशोफर आणि जेरेमी शपिरो यांनी केलेल्या अभ्यासात महिन्याला पैसे मिळालेल्या घरांत खाण्याची शाश्वती वाढली आणि एकरकमी मिळालेल्या घरांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. हा वाद चंद्रपूर जिल्ह्यात फार वेगळ्या आणि कठोर रूपात भेटतो. ताडोब्याभोवती आणि ब्रह्मपुरीच्या जंगलात मोहफुले वेचायला पहाटे गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात जातात. मोह वेचताना माणूस वाकलेला असतो, जागा ठरलेली असते, वेळ अंधाराची असते. अशा मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारे साहाय्य राज्याने २०२२ मध्ये २० लाख केले. १० लाख तातडीने आणि उरलेले मुदत ठेवीत. पुढे ते २५ लाखांवर गेले. मुदत ठेवीबद्दल मतभेद आहेत. कुटुंबाचा पैसा कुटुंबालाच द्या, सरकारने पालक होऊ नये, असे म्हणणारे चुकीचे नाहीत. तरी मी ठेवीच्या बाजूने आहे. आयुष्यात कधी ५० हजार एकत्र न पाहिलेल्या घरात दहा लाख आले की नातेवाईक, गाडी विकणारे, योजना विकणारे सगळे महिन्याभरात दारी येतात, आणि ते दिवस सुतकाचे असतात. व्याज मात्र दरमहा येत राहते, शाळेची मुले मोठी होईपर्यंत. यावर मुद्दाम अभ्यास व्हायला हवा : दहा वर्षांनी ही घरे कुठे आहेत?

शासनाच्या जुन्या योजनांत वेळ जपलेली उदाहरणेही आहेत, ती दुर्लक्षित राहतात. मानव विकास कार्यक्रमात गरोदर बाईला बुडीत मजुरी म्हणून ४,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, एक नवव्या महिन्यात आणि दुसरा बाळंतपणानंतर. कामावर जायचे नाही म्हणून पैसा, आणि जायचे नसते त्याच दिवसांत. प्राणहितेपलीकडे तेलंगणाने २०१८ मध्ये रयतू बंधू सुरू केली ती हंगामाच्या तोंडावर एकरी ४,००० अशी. कुळाला आणि भूमिहीनाला तीत काही नव्हते हा तिचा मोठा दोष, पण पेरणीचे भान होते. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे २,००० चे तीन हप्ते चार-चार महिन्यांच्या ठरीव गाळ्यांत येतात. ते शेताला साधतील तर साधतील. (जिवती तालुक्यातल्या सीमावादातल्या चौदा गावांत दोन्ही राज्यांची शिधापत्रिका असलेली कुटुंबे आहेत. दोन सरकारांच्या योजनांची तुलना करायला याहून चांगली जागा देशात नसेल आणि तिथे अभ्यासक फारसे फिरकत नाहीत.)

आता पैसा खात्यापासून हातापर्यंत कसा पोहोचतो ते. शहरातल्या वाचकाला डीबीटी (थेट लाभ हस्तांतरण) म्हणजे बटण दाबले की झाले असे वाटते. भामरागड तालुक्यातल्या बाईसाठी डीबीटी म्हणजे एक पूर्ण दिवस. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा रस्ताच तुटतो. पूर नसला तर पायी किंवा मिळेल त्या गाडीने तालुक्याला, तिथे बँकेत किंवा मिनी बँकेच्या यंत्रापुढे रांग, नेटवर्क असेल तर अंगठा. तेंदूची पाने खुडून, रोवणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा जुळत नाही. मग दुसरे बोट, मग ओल्या कपड्याने पुसून पुन्हा तेच बोट. जुळला तरी पैसे भलत्याच खात्यात गेलेले असू शकतात, कारण रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात पडते, आणि ते कोणत्या शिबिरात कोणी उघडले होते हे तिला आठवत नाही. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपलेले असते. त्यात दोन वर्षांत एकही ओळ छापलेली नसते. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे १,५०० महिन्याला येऊ लागले तेव्हा या रांगा वाढल्या, आणि २०२५ मध्ये ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला तेव्हा ज्यांचे दोघेही हयात नाहीत अशा बायांची अडचण झाली. हा तपशील कंटाळवाणा वाटेल. पण माझा अनुभव असा की योजनेची गुणवत्ता जाहीरनाम्यात कमी आणि या रांगेत जास्त कळते.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थांबून करायचे काय? ज्याला जमीन नाही, जंगलावर हक्क नाही, त्याला मिळालेली उसंत संपली की तो पुन्हा होता तिथेच. म्हणून या दोन जिल्ह्यांत रोख मदतीचा अभ्यास वनहक्काच्या अभ्यासापासून तोडता येत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामाने ते नाव देशाला माहीत झाले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. त्या गावाने बांबूच्या उत्पन्नावर भिस्त ठेवली आणि तेंदूपत्ता तोडणे बंद केले, कारण पानासाठी झाडाची नासधूस होते आणि फळ हाती लागत नाही. मेच्या कडक उन्हात हातात येणारा रोख पैसा एका गरीब गावाने आपणहून सोडला. थांबण्याची ऐपत म्हणतो ती ही.

कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आणि तेंदूचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. भाव चांगला मिळाला अशी वर्षे आली, पडल्याचीही आली. टाळेबंदीत या भागातल्या काही ग्रामसभांनी तेंदू-बांबूच्या पैशातून राखलेला निधी आपल्याच गरजू घरांसाठी खुला केला. इथे मदत देणारा आणि घेणारा एकाच पारावर बसणारे आहेत. पात्रतेची यादी करायला ॲप लागत नाही. कोणाच्या चुलीत जाळ नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. गावातली भांडणेही सगळ्यांना ठाऊक असतात, आणि ती यादीत उतरत नाहीत असे नाही, पण पैसा वेळेवर मिळतो. मानवतावादी रोख मदतीवरच्या जागतिक साहित्यात या प्रकाराला अजून नीट जागा मिळालेली नाही, आणि ती मिळवून देण्याचे काम मराठी अभ्यासकांचे आहे.

फुकट दिल्याने माणूस बिघडतो, हा आक्षेप चंद्रपूर जिल्ह्यात हलका मानता येत नाही, कारण तो वरोऱ्यावरून येतो. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारले ते भिक्षेला नकार देऊन, श्रमाला मान देऊन. रोख मदतीच्या समर्थकांनी त्या विचाराला बगल देऊ नये. पण आनंदवनाची सुरुवातही नीट पाहावी. सरकारकडून मिळालेली खडकाळ पडीक जमीन होती, औषधोपचार होते, विहीर खणून पाणी लागेपर्यंत पोट भरण्याची काही सोय होती. कुष्ठरुग्णाच्या हाताला काम मिळाले ते त्याआधी त्याच्या जखमेला पट्टी मिळाली म्हणून. मुलचेरा-चामोर्शीत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना जमिनी मिळाल्या तेव्हाही हेच झाले. आज त्या वस्त्यांतली भाताची आणि माशांची शेती पाहिल्यावर त्यांना आश्रित म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेली पद्धतही याच धर्तीची आहे : अतिगरीब घराला शेळ्या किंवा गाय, ती सांभाळायचे शिक्षण, आणि गाय दूध देईपर्यंत महिन्याला थोडी रोकड, नाहीतर गायच विकली जाते. सहा देशांत या पद्धतीची पारख झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष एकंदर चांगले आले. त्या शेवटच्या थोड्या रोकडीचा हिशेब आपल्या शेळीवाटप योजनांत कधी धरला गेला असता, तर वाटलेल्या शेळ्या आठवडी बाजारात इतक्या लवकर दिसल्या नसत्या.

करण्यासारखे काम पुष्कळ आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुरात आणि २०२२ च्या जुलैत गोदावरीच्या पुरात सिरोंच्यापर्यंत जी घरे पाण्याखाली गेली, त्यांना सानुग्रह अनुदान पंचनाम्यानंतर किती दिवसांनी मिळाले, याची गाववार नोंद कोणी एकत्र करावी. जिवती, राजुरा, कोरपना भागातल्या कोलामांच्या गुड्यांवर खावटीचे पैसे कशात गेले ते विचारावे, काही वर्षे उलटून गेली असली तरी घरोघरी आठवते. रानडुकराने नासवलेल्या धानाची भरपाई आणि पुढच्या हंगामातली उधारी यांचा संबंध तपासावा. यांतले कोणतेही काम एका तरुण अभ्यासकाला दोन वर्षांत जमण्यासारखे आहे.

जाणार असाल तर हिवाळ्यात जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत धान नुकता घरात आलेला असतो, रस्ते कोरडे असतात, सगळे बरे चाललेले दिसते. बहुतेक पाहण्या याच दिवसांत होतात. ऑगस्टमध्ये जा. नाले भरतील, दोन-चार दिवस एखाद्या गावात अडकून पडाल, तेवढी सवड काढून ठेवा. रोवणीच्या दिवसांत दुपारी कोणी बोलायला मोकळे नसते, तेव्हा प्रश्न संध्याकाळी, जेवणे झाल्यावर विचारा. बँकेच्या रांगेत एक दिवस पूर्ण उभे राहा. आणि माडिया किंवा गोंडी बोलणारा सोबती बरोबर घ्या, त्याच्या दिवसाची मजुरी त्याच संध्याकाळी रोख द्या.